पुढं सरका, पाणी काढा

कंडक्टर म्हटलं की तो सुट्टे मागणार, हे आपण धरूनच चालतो. मथुराअक्का पाणी मागायच्या.

मी शिरूर अनंतपाळला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. राहायला लातूरला. सकाळी साडेसातची गाडी जायला आणि दुपारी तीनची यायला, हे माझं गेल्या कित्येक वर्षांचं आयुष्य. बदली होऊन आलो त्या पहिल्याच दिवशी परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली. दिवस उन्हाळ्याचे, पण खिडकी ती खिडकी, म्हणून मी खुशीत होतो. तिकीट घेतलं, पैसे दिले, तरी कंडक्टरबाई समोरून हलेनात. खाकी गणवेश, कानावर पेन, पायात पांढरे बूट आणि नजर थेट माझ्या बाटलीवर.

"किती हाय?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"पानी ओ."

मला वाटलं, बाईंना तहान लागली असेल. मी बाटली पुढं केली. त्यांनी ती उजेडात धरली, डोळ्यानं मोजली आणि माझ्या हातात परत दिली.

"हिप्पळवाडी पाटीपर्यंत पिऊ नका," म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडं गेल्या.

आमच्याकडं मोठ्या रस्त्यावरून गावाकडं जिथं वाट फुटते, त्या जागेला पाटी म्हणतात. तिथं गावाच्या नावाची पाटी असते म्हणून. हिप्पळवाडीच्या पाटीवर त्या दिवशी पाटीशिवाय दुसरं काहीही नव्हतं. मुरमाड माळ, ना घर, ना विहीर, ना टपरी. गाव दोन किलोमीटर आत. गाडी थांबली. कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही. अक्का दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी आवाज दिला, "चला, पुढं सरका, पाणी काढा."

आणि गाडीतली झाडून सगळी माणसं बाटल्या काढायला लागली. देवळात प्रसादाला हात पुढं होतात तशा बाटल्या पुढं आल्या. प्रत्येकीच्या तळाशी जे काय उरलं होतं, ते एका पांढऱ्या कॅनमध्ये गोळा झालं. अक्का तो कॅन घेऊन उतरल्या. बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात करंगळीएवढं एक रोप उभं होतं, त्याच्या बुडाशी त्यांनी पाणी ओतलं, चढल्या, दोरी दोनदा ओढली. टण टण. गाडी निघाली. सगळा कारभार एका मिनिटाचा.

"पण ते पाणी उष्टं होतं," मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"झाडाला उष्टं-खरकटं कळत न्हाई," अक्का म्हणाल्या. "काय करलालाव तुम्ही शिरूरला?"

मी डॉक्टर आहे म्हणून सांगितलं. ती माझी चूक झाली.

दुसऱ्या दिवसापासून माझी प्रॅक्टिस गाडीत सुरू झाली. कुठल्याशा पाटीवर अक्का मला खाली उतरवत. "बघा की, पान पिवळं पडलालंय." मी म्हणायचो, "अक्का, मी ढोरांचा डॉक्टर आहे." त्यावर त्या म्हणत, "मग तर बरंच झालं. माणसाच्या डॉक्टरला पेशंट सांगतो तरी काय दुखतंय ते. तुम्हाला मुक्याची सवय हाय." मी पान हातात घेऊन गंभीर चेहरा करायचो. गाडीतले लोक खिडक्यांतून माना काढून निदानाची वाट बघत बसायचे.

त्या रस्त्यावर लातूरपासून शिरूरपर्यंत एकही पाटी अक्कांनी मोकळी सोडलेली नव्हती. कुठं जांभूळ, कुठं चिंच, कुठं करंज. पाणी सगळं प्रवाशांचं. आमच्या लातूरकडं पाण्याची कथा काय आहे ती मी सांगायला नको. नळाला पाणी आलं की पाहुण्यांना फोन करून सांगणारी माणसं आम्ही. अशा मुलखात दुसऱ्याच्या बाटलीतलं पाणी मागायचं म्हणजे जिगर पाहिजे. अक्कांची जिगर इतकी होती की लोकांना नाही म्हणायचं सुचायचंच नाही. एकदा लग्नाच्या वऱ्हाडानं उत्साहाच्या भरात पिंपभर लिंबू सरबत चिंचेला ओतलं. पुढं आठवडाभर त्या पाटीवर एवढ्या मुंग्या झाल्या की गाडीला उभं राहणारे लोक पाय आपटत उभे राहायचे. अक्कांनी तेव्हापासून नियम केला. झाडाला फक्त पाणी. गोड माणसांना द्या.

हळूहळू गावांची नावं मागं पडली आणि झाडंच ठिकाणं झाली. म्हाताऱ्या बाया तिकीट मागताना म्हणत, "एक जांभळाचं दे गं." प्रत्येक झाडाला अक्कांनी माणसाचं नाव ठेवलं होतं, तेही स्वभाव बघून. एका वाकड्या चिंचेचं नाव वकील. रस्त्यावर झुकून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याला लागणाऱ्या फांदीच्या बाभळीचं नाव नणंद. आणि एक करंज होता, त्याच्या पानांवर बारा महिने फोड. त्याचं नाव डॉक्टर. "नाव डॉक्टर," अक्का सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगायच्या, "पन सोताच आजारी."

अक्कांचे ड्रायव्हर खय्यूमभाई. लातूरचे, चार पिढ्यांचे. बोलायला लागले तर दोन वाक्यं, एरवी तंबाखू. कुणी बाटली लपवली तर ते आरशातून बघत आणि इंजिन तसंच गुरगुरत ठेवून म्हणत, "निकालो जी पानी. नक्को करू नका. गाडी नई हिलती." गाडी खरोखरच हलत नसे.

एक गोष्ट मी पहिल्या महिन्यातच हेरली. हिप्पळवाडी पाटीवर खय्यूमभाई गाडी फार विचित्र लावायचे. आधी थोडी पुढं, मग पाठीमागं, मग पुन्हा थोडी रस्त्याच्या कडेला. का, तर गाडीची सावली नेमकी त्या रोपट्यावर पडावी म्हणून. तीनच्या उन्हात एक मिनिट सावली. एवढ्या सावलीनं झाडाचं काय भलं होणार, असं मी त्यांना एकदा विचारलं. "आदत है," ते म्हणाले आणि खिडकीतून तंबाखू थुंकले.

आता त्या पाटीबद्दल सांगायला हवं, कारण अक्कांचं सगळं चित्त तिथं होतं. बाकी सगळीकडं झाडं जगली. त्या एका पाटीवर जगत नव्हती. कडुलिंबच लावायचा, तोही तिथंच, हा अक्कांचा हट्ट. मी गाडीला लागलो तेव्हा चौथा लिंब चालू होता. पहिला उन्हानं गेला, दुसरा कुणीतरी बांधावरचं गवत पेटवलं त्यात गेला, तिसऱ्यावर रस्त्याच्या कामाची खडी पडली. चौथा माझ्या डोळ्यांदेखत वाळवीनं खाल्ला.

पाचव्यात माझं नाव आलं. हिप्पळवाडीच्या एका म्हाताऱ्याच्या शेळ्या चारा खाईनात म्हणून तो त्यांना दवाखान्यात घेऊन आला होता. मी चांगलं भूक लागायचं औषध दिलं. औषध लागू पडलं. शेळ्या घरी परत जाताना वाटेत पाटीवर थांबल्या आणि त्यांनी कुंपणाच्या काट्यांसकट पाचवा लिंब साफ केला. दुसऱ्या दिवशी अक्कांनी मला तिकीट देताना माझ्याकडं बघितलं नाही.

सहाव्याला मी स्वतः मारलं. हे लिहिताना अजून लाज वाटते. पानं फिकट दिसत होती आणि अक्का रोज विचारत होत्या. मी ऐटीत मूठभर युरिया घातला. मूठ माझी जरा मोठी आहे. चार दिवसांत लिंब जळाल्यासारखा करपला. गाडीत ही बातमी माझ्याआधी पोचली होती. मी चढलो की मागून आवाज यायचा, "सरका, सहाव्याचे डॉक्टर आले." अक्का रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. नुसत्या म्हणाल्या, "तुम्ही भल्यासाठीच केलाव. पन आता माझ्याकडं लई दिवस न्हाईत, डॉक्टर."

त्यांची नोकरी दीड-पावणेदोन वर्षांची उरली होती. सातवा लिंब जूनमध्ये लागला, आणि आमच्या गाडीतल्या प्रत्येकाला कळलं की हा शेवटचा आहे. हा गेला तर आठवा लावायला अक्का गाडीवर नसतील.

मधल्या काळात अक्का मोठ्या झाल्या, म्हणजे पेपरात फोटो आला. त्यांचं बघून दुसऱ्या गाड्यांवरच्या कंडक्टर मुलींनी आपापल्या रस्त्यांवर कॅन बांधले. मुदखेडकडच्या कुठल्याशा शाळेतल्या पोरींनी त्यांना पत्र पाठवलं की आमच्या रस्त्यावरही आम्ही पाणी काढतो. तालुक्याला सत्कार ठेवला. आधी तीन पुढारी बोलले, प्रत्येकाला दहा मिनिटं दिलेली, प्रत्येकानं अर्धा तास घेतला. मग अक्कांच्या हातात माईक आला. त्यांनी समोरच्या गर्दीकडं बघितलं. मागं माणसं उन्हात उभी होती आणि पुढं मांडवात खुर्च्या रिकाम्या होत्या.

"पुढं सरका," अक्का म्हणाल्या. "हितं जागा हाय. घरी जाताना बाटलीत उरलेलं पाणी फेकू नका, जे दिसंल त्या झाडाला घाला. एवढंच."

आणि त्यांनी टेबलावरचा स्टीलचा ग्लास पेनानं दोनदा वाजवला. टण टण. भाषण संपलं. माझ्या ऐकण्यातलं हे सगळ्यात उत्तम भाषण, आणि मी सरकारी नोकर असल्यामुळं भाषणं भरपूर ऐकली आहेत.

आमच्या लातूरकडं वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, सगळी दुनिया रानात जाते. कडब्याची खोप करायची, पांढरे रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकाची आंबील खायची. ज्याला रान नाही त्याला रानवाला बोलावतो. अक्कांना रान नव्हतं आणि त्या कुणाकडं जातही नसत. त्या दिवशी मुद्दाम ड्यूटी मागून घेत. रिकाम्या गाडीत आंबिलीचं बिंदगं, म्हणजे लहान घागर, ठेवत आणि प्रत्येक पाटीवर दारातूनच "ओलगे ओलगे, सालम पोलगे" असा येळवशीचा गजर करत झाडाभोवती आंबील शिंपडत, शेतकरी पिकाभोवती शिंपडतो तशी. एका वर्षी मला काही कामानं जावं लागलं होतं, तर माझा इस्त्रीचा शर्ट पण शिंपडून निघाला. "लोकाची येळवस रानात," त्या म्हणाल्या, "आपली रोडवर."

फेब्रुवारी संपला आणि अक्का निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी सातव्याला पाणी घातलं आणि चढताना मला म्हणाल्या, "उन्हाळा काढला म्हंजी जगला. तीन म्हैने." त्यांचा मुलगा नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला राहतो. तो त्यांना घेऊन गेला.

नव्या कंडक्टर आल्या पल्लवीताई. चुणचुणीत पोरगी, पण शिस्तीची. पहिल्या दिवशी एका आजीनं "जांभळाचं दे" म्हटलं तर तिनं मशीनमध्ये जांभूळ शोधलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात गाडी हिप्पळवाडी पाटीवर थांबायचीच बंद झाली, कारण तिथं कुणी चढत नव्हतं आणि कुणी उतरत नव्हतं. दोन दिवस मी खिडकीतून लिंबाकडं बघितलं. दोन्ही दिवस बाटली मांडीवर घेऊन बसून राहिलो. आपण कसं बोलायचं, लोक काय म्हणतील, हा माझा जन्मजात रोग. शिवाय सहाव्याची आठवण होतीच.

तिसऱ्या दिवशी पाटी जवळ आली आणि माझ्याच तोंडातून आवाज निघाला. "पुढं सरका, पाणी काढा."

आवाज चिरका होता. मग मागून कुणीतरी म्हणालं, "सहाव्याच्या डॉक्टरनं मनलंय, काढा बरं." खय्यूमभाईंनी ब्रेक दाबला. पल्लवीताईंनी घड्याळाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि शेवटी स्वतःच्या पर्समधली बाटली काढली.

त्या तीन महिन्यांत मला रोज साडेचारला नांदेडहून फोन यायचा. "कसा हाय?" मी सांगायचो, बरा आहे. "वरची पानं बघितलाव का? खाली मान न्हाई ना घातली? युरिया?" युरियाचं नाव घेऊन त्या थोडा वेळ थांबायच्या, मी शपथ घेईपर्यंत. एकदा म्हणाल्या, "हितं गोदावरी भरून हाय डॉक्टर. लई पानी. पन माझं झाड तिकडं." जूनमध्ये पाऊस झाला आणि सातव्याला तांबूस कोवळी पालवी फुटली, ते मी फोनवर सांगितलं. पलीकडून काहीच आवाज आला नाही. फोन कट झाला असं वाटून मी ठेवून दिला. कट झाला नव्हता, हे मला नंतर कळलं.

मग डिसेंबरात येळवशीच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन. "उद्या जेवायला या. माझ्या रानात."

"रान कधी घेतलं अक्का?"

"या तर."

मी मोटारसायकल काढून गेलो. हिप्पळवाडी पाटीवर अक्का बसल्या होत्या, खाकी नाही, हिरवं लुगडं. सातवा आता माझ्या डोक्यावर दोन हात गेला होता. त्याच्या बुडाशी पाच पांढरे दगड मांडलेले, बाजूला भज्जीचं पातेलं, उंडे आणि आंबिलीचं बिंदगं. लिंबाखाली गोल, विरळशी, पण खरीखुरी सावली पडली होती. आम्ही दोघं तिच्यात बसलो.

"अक्का, एवढा रस्ता सोडून इथंच का?" मी विचारलं. इतक्या वर्षांत हे विचारायचं सुचलं नव्हतं.

अक्का भज्जी वाढत होत्या. वाढता वाढताच बोलल्या. "हिप्पळवाडी माझं माहेर. नवी नवी नोकरी होती, ड्रायव्हर तवाबी खय्यूमभाईच. सुट्टी कुठली मिळतीय? मग आई यायची हितं. दोन किलोमीटर चालत, रोज, तीनच्या गाडीला. कधी भाकर, कधी हरभऱ्याचा डहाळा, कधी नुसतंच. गाडी एक मिनिट थांबायची. तेवढ्यात बघायची मला. घंटाघंटा उभी राहायची ओ डॉक्टर, गाडीचं काय खरं असतंय का? आन् सावली न्हाई हितं. गाडी आली की गाडीची सावली पडायची तिच्यावर. गाडी गेली की पुन्हा ऊन."

मला खय्यूमभाई आठवले. आधी पुढं, मग मागं, मग पुन्हा कडेला.

"'उतर की गं घटकाभर,' रोज मनायची. मी रोज मनायचे, 'उशीर होतोय आई.' आन् डबल बेल मारायचे." अक्कांनी माझ्या ताटात आणखी एक उंडा ठेवला. "एक दिवस न्हाई आली. गाडीत कुनीतरी सांगितलं, म्हातारी गेली मनून. त्या जूनला पहिला लिंब लावला."

सहावा मी मारला होता, हे त्या क्षणी जितकं टोचलं तितकं आधी कधी टोचलं नव्हतं. मी तसं म्हणालोही. "न्हाई ओ," अक्का म्हणाल्या, "सातवा जगवलाव की. खावा."

तेवढ्यात तीनची गाडी आली. येळवस म्हणून आत सगळे मिळून चार प्रवासी. खय्यूमभाईंनी सवयीप्रमाणं गाडी पुढं घेतली, मागं घेतली, कडेला आणली. गाडीची सावली लिंबावर आणि आमच्या ताटांवर पडली. अक्का उठल्या, ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन उभ्या राहिल्या.

"खय्यूमभाई," त्या म्हणाल्या, "गाडी पुढं घ्या. आता हितं सावली हाय."

खय्यूमभाई त्यांच्याकडं बघत राहिले. मग लिंबाकडं बघितलं. मग गाडी चार हात पुढं घेतली आणि आमच्या ताटांवर पुन्हा लिंबाची सावली आली.

पल्लवीताई दारात आल्या. अक्कांनी आंबिलीचा तांब्या त्यांच्याकडं वर धरला. "उतर की गं घटकाभर."

"उशीर होतोय ओ अक्का," पल्लवीताई म्हणाल्या आणि त्यांचा हात सवयीनं दोरीकडं गेला.

अक्का तांब्या तसाच वर धरून उभ्या राहिल्या.

खय्यूमभाईंनी इंजिन बंद केलं. त्या माळावर एवढं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. ते आपल्या बाजूनं खाली उतरले, गाडीला वळसा घालून आले आणि हात पुसत लिंबाखाली मांडी घालून बसले. पल्लवीताई हसल्या आणि उतरल्या. मग चार प्रवासीही उतरले. सावली चार माणसांची आणि आम्ही आठ जण. मी ताट घेऊन उन्हात उभा राहिलो.

"डॉक्टर, पुढं सरका," अक्का म्हणाल्या. "हितं जागा हाय."